वळसंगच्या टाकीवर एलटीई चढलंच नाही

गेल्या वर्षभरात तीन-चार जणांनी फोन करून एकच प्रश्न विचारला: "एलटीईचं कोणतं घेतलंस?" एलटीई म्हणजे मोबाइलचं ४जी तंत्र; त्यावरून, वायर न नेता, घरोघर इंटरनेट द्यायला कोणती यंत्रं घेतली असं त्यांना विचारायचं असतं. बार्शीचा एक, मंगळवेढ्याचा एक, एक तर थेट इंडीहून. प्रत्येकाशी तासभर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी आमचा पसारा सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कोणत्या मापाचे ते कळेल. वडिलांचा केबलचा धंदा होता. गच्चीवर मोठी डिश, गल्लीभर काळ्या वायरी आणि पहिल्या आठवड्यात घरोघर वसुली. मी त्याचं इंटरनेट केलं. आधी एका मोठ्या कंपनीची फ्रँचायझी घेतली, मग २०१९ मध्ये स्वतःचा सी कॅटेगरीचा आयएसपी (इंटरनेट पुरवठादाराचा) परवाना. सी कॅटेगरी म्हणजे एक एसएसए (टेलिफोनचा साधारण जिल्ह्याएवढा विभाग), आमच्यापुरतं सोलापूर. प्रवेश शुल्क तेव्हा २० हजार, बँक गॅरंटी वेगळी, आणि दर तिमाहीला परवाना शुल्काचा हिशेब. तो हिशेब बायको बघते, म्हणून अजून आमचं दुकान उघडं आहे. जुळे सोलापूर, विडी घरकुल, कुंभारी मिळून चौदाशेच्या आसपास ग्राहक, सगळे फायबरवर. माणसं सहा, आम्ही दोघं धरून.

कुंभारीच्या पुढे अक्कलकोट रस्त्याला आमचं फायबर संपतं. तिथून पुढे गाव दाट, पण निम्मी माणसं वस्त्यांवर. एक घर इथे, दुसरं अर्ध्या किलोमीटरवर, मधे ऊस. असल्या घराला वायर न्यायची म्हणजे खांब आपले, चर आपली, आणि जेसीबीने तोडली की जोडणीही आपली.

मार्च २०२३ मध्ये वळसंगजवळच्या एका वस्तीवरचे आप्पा दुकानात आले. पोरगा पुण्याच्या कंपनीत, घरून काम करायची मुभा मिळालेली, पण मोबाइलचं नेट संध्याकाळी बसतं. मी वायरचा खर्च सांगितला. आप्पा म्हणाले, "वायर कशाला लागतंय बे? हवेतनं दे की." मी हसलो, पण वाक्य डोक्यात राहिलं. त्या रात्री आणि पुढच्या पंधरा रात्री मी यूट्यूबवर अमेरिकेतल्या छोट्या गावांतले इंटरनेटवाले बघत बसलो. धान्याच्या कोठारावर पांढरी डबी, तीन अँटेना, आणि पाच-सात मैलांवरच्या शेतघरात एलटीई. झाडाआडसुद्धा चालतंय म्हणे.

झाडाचं ऐकून मी पाघळलो. २०१६ मध्ये मी साध्या वायफायच्या रेडिओंवर सात-आठ घरं जोडली होती. जानेवारीत लिंक झकास, पाऊस पडून बाभळी-लिंब फुटले की निम्म्या बंद. तेव्हापासून 'वायरलेस' म्हटलं की आमच्या दुकानात कपाळावर आठी. एलटीईने ती आठी जाईल असं वाटलं.

एप्रिलमध्ये एका डीलरकडून कोटेशन आलं. तीन दिशांना तीन सेक्टर, म्हणजे तीन ईनोडबी (एलटीईच्या टॉवरवरच्या रेडिओला ईनोडबी म्हणतात), त्यांचे अँटेना, जीपीएस, गाभा म्हणजे ईपीसी (सगळ्या जोडण्या सांभाळणारा सर्व्हर), त्याचं ग्राहकागणिक लायसन्स, ५०० सिमकार्डं आणि ग्राहकाच्या घरावर लावायचे ५० रेडिओ, म्हणजे सीपीई. जीएसटीसकट २६ लाख. ब्रोशरवर बँड ४२ आणि बँड ४८ (बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा) लिहिलेलं आणि खाली ठळक अक्षरांत 'इंडिया रेडी'. मी २५ हजार टोकन देऊन मोकळा झालो.

बायकोने कोटेशन वाचलं आणि एवढंच विचारलं, "अहो, याला परवाना आहे ना आपल्याकडे?" मी म्हणालो, आहे की, आयएसपीचा. ती म्हणाली, "तो इंटरनेट विकायचा. हे ज्या हवेतनं जाणार, ती कुणाची?"

मला उत्तर येत नव्हतं. आठवडाभर मी ब्रोशरमध्ये शोधलं. ब्रोशरमध्ये ते नसतंच. मग संबंधित कार्यालयाला ईमेल केला. पाच आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, त्यात एका परिपत्रकाचा क्रमांक होता. तोवर पंढरपूरच्या एका जुन्या आयएसपीवाल्याने फोनवर दहा मिनिटांत सगळं उलगडून सांगितलं होतं. "पाव्हणं, डबा नंतर बघा. आधी फ्रिक्वेन्सी कुणाच्या नावावर हाय ते बघा."

त्याने सांगितलेलं आणि नंतर मी कागदोपत्री पडताळलेलं असं. अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा एक पट्टा आहे, सीबीआरएस नावाचा. त्यात नौदलाची रडारं आणि लिलावात हक्क घेतलेल्यांना पहिला मान, पण उरलेली जागा नोंदणी करून छोट्या माणसालाही वापरता येते. बँड ४८ म्हणजे तोच. मी रात्र रात्र बघितलेले व्हिडिओ सगळे त्या पट्ट्यावरचे. भारतात असा पट्टा नाही. इथे ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ २०२२ च्या लिलावात गेलं, ५जीसाठी. त्या लिलावात या पट्ट्याची देशभरासाठीची राखीव किंमत एका मेगाहर्ट्झला ३१७ कोटी होती. एका एलटीई सेक्टरला पूर्ण वेगासाठी २० मेगाहर्ट्झ लागतात. बरं, लिलाव सर्कलवार (साधारण राज्यवार) होतो, तालुकावार नाही. मुंबई वगळून अख्ख्या महाराष्ट्राचं स्पेक्ट्रम घ्यायचं, आणि तेही वळसंगच्या आप्पांसाठी.

२३०० मेगाहर्ट्झचंही तेच, ते २०१० च्या लिलावात गेलं. तिकोना या इंटरनेट कंपनीने तेव्हा पाच सर्कलमध्ये त्यातले २० मेगाहर्ट्झ घेतले होते. पुढे २०१७ मध्ये तिचा ४जीचा व्यवसाय एअरटेलने विकत घेतला. तेवढ्या मोठ्या कंपनीचं हे, तर आपण कोण.

तरी मी लगेच हार मानली नाही. माणूस एकदा कोटेशनच्या प्रेमात पडला की वकिलासारखा पळवाटा शोधतो. जून २०२२ ची 'कॅप्टिव्ह नॉन-पब्लिक नेटवर्क'ची मार्गदर्शक तत्त्वं सापडली. कारखान्याला, बंदराला, खाणीला स्वतःपुरतं खासगी ५जी-एलटीई उभारता येतं, त्यासाठी मोबाइल कंपनीकडून स्पेक्ट्रम भाड्यानेही घेता येतं. दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी 'कॅप्टिव्ह' या शब्दाचा अर्थ लागला: स्वतःच्याच वापरापुरतं, बाहेरच्या ग्राहकाला विकायचं नाही. मग प्रायोगिक परवाना सापडला. तो चाचणीसाठी आणि संशोधनासाठी मिळतो, ठरावीक मुदतीचा. त्यावर महिन्याचं बिल फाडता येत नाही. शेवटची वाट म्हणजे मोबाइल कंपनीच्या फिक्स्ड वायरलेसची एजन्सी घ्यायची. ती कायदेशीर आहे, सोपी आहे, पण ग्राहक त्यांचा, आपल्याला कमिशन. बायको म्हणाली, केबलच्या वेळी ते करून झालंय.

टोकनचे २५ हजार परत मिळायला चार महिने आणि अकरा फोन लागले, आले २१ हजार पाचशे. ज्याला कुणाला कोटेशन येईल त्याने आधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: कोणत्या बँडवर चालणार, तो बँड भारतात कुणाला वाटलेला आहे, आणि विनापरवाना बँडचं उपकरण असेल तर डब्ल्यूपीसीच्या (केंद्राचं फ्रिक्वेन्सी बघणारं खातं) ईटीएचा, म्हणजे उपकरण-मंजुरीचा, क्रमांक. 'इंडिया रेडी' म्हणजे डब्यावर हिंदी स्टिकर, एवढंच असू शकतं.

याच काळात मी आणखी एक शहाणपणा केला. एलटीई निदान हाताळून तरी बघू म्हणून ऑनलाइन एक वापरलेला बाहेर लावायचा एलटीई राउटर घेतला, ३,८०० रुपयांत. सिम घातलं, नेटवर्कच नाही. दोन दिवस सिम बदल, एपीएन बदल, गच्चीवर फिरव. मागचं लेबल वाचलं तेव्हा कळलं, अमेरिकेतला माल: बँड २, ४, १२, १३. आपल्याकडे मोबाइल कंपन्या ४जी चालवतात ते प्रामुख्याने १, ३, ५, ८, ४०, ४१ आणि २८ यांवर. त्या राउटरात यातलं एकही नव्हतं. आता त्याची पेटी आमच्या लाइनमनकडे आहे, त्यात तो नट-बोल्ट ठेवतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये मी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलो, एका उपकरणवाल्याच्या प्रयोगशाळेत एलटीई प्रत्यक्ष बघायला. घ्यायचं नाही हे जवळपास ठरलं होतं, पण का नाही ते नीट कळावं असं वाटत होतं. ही फेरी सगळ्यात कामाची ठरली. तिथे ईनोडबी आणि सीपीई हवेतून जोडलेलेच नव्हते. मधे जाड केबल, केबलवर सिग्नल हवा तेवढा कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर, आणि एका लॅपटॉपवर ओपन५जीएस नावाचा मोफत गाभा. हवेत काही सोडायचं नाही म्हणून परवान्याचा प्रश्न नाही. तिथला अभियंता पोरगा वयाने माझ्या भाच्याएवढा. त्याने मला "सर, अ‍ॅटेन्युएटर फिरवा आणि बघत राहा" म्हणून खुर्चीत बसवलं.

एक-एक डेसिबल वाढवत गेलो तसं समोर दिसत गेलं. सिग्नल चांगला असला की वेग भरपूर. कमी झाला की एलटीई एकदम पडत नाही, पायरी-पायरीने खाली उतरतं, चुकलेला तुकडा लगेच पुन्हा मागून जोडून घेतं, पण लिंक टिकवतं. वेळेचं वाटपही टॉवर करतो: कोणत्या घराने कधी बोलायचं ते तोच ठरवतो, त्यामुळे पन्नास घरं एकदम बोलली तरी गोंधळ नाही. साध्या वायफायमध्ये जो आधी ओरडेल त्याचं खरं. माझ्या २०१६ च्या अपयशातलं निम्मं कारण झाडं नव्हती, हे मला तेव्हा तिथे कळलं. एका सेक्टरवर दोन-तीन लांबची घरं एकमेकांना ऐकूच येत नव्हती आणि एकाच वेळी बोलत होती.

आणि वेगाचा भ्रमही फुटला. २० मेगाहर्ट्झ, दोन बाय दोन अँटेना, डाउनलोडला तीन भाग अपलोडला एक भाग असं वाटप केलं तर अख्ख्या सेक्टरचा कमाल वेग ११० एमबीपीएसच्या आसपास. तोही सगळे ग्राहक टॉवरच्या पायथ्याशी असतील तर. तुलनेला, आमच्या फायबरवरचं एक घर संध्याकाळी १०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन बसलेलं असतं.

झाडाचं कोडं त्या पोराने कागदावर सोडवलं. पाच किलोमीटरवर मोकळ्या हवेतला तोटा २.३ गिगाहर्ट्झला सुमारे ११४ डेसिबल, ३.५ ला ११७, ५.८ ला १२२. म्हणजे फरक आहे, पण तो फ्रिक्वेन्सीचा आहे; एलटीई नावाचा नाही. "सर, ३.५ वर एलटीई घेतलं असतंत तरी तुमच्या लिंबाने ते बऱ्यापैकी खाल्लंच असतं. झाडातून जाणारं ७०० किंवा ८५०. ते तुम्हाला कुणी देणार नाही." मग त्याने ५.८ चं गणित मांडलं. नियमाने ४ वॉट ईआयआरपी (अँटेनाची भर धरून बाहेर पडणारी ताकद), म्हणजे ३६ डीबीएम. त्यातून १२२ गेले, ग्राहकाकडे २५ डीबीआयची, म्हणजे २५ डेसिबलची भर घालणारी, छोटी डिश: उणे ६१ डीबीएम. "एवढ्यावर कुठलाही बरा रेडिओ आरामात चालतो. फक्त मधे काही नको." परतीच्या गाडीत मी तो कागद तीनदा वाचला. तो अजून दुकानातल्या काचेखाली आहे.

म्हणजे प्रश्न बदलला. एलटीईचं कोणतं घ्यायचं, हे मागे पडलं. एलटीईसारखं वेळेचं वाटप करणारं, पण विनापरवाना ५ गिगाहर्ट्झवर चालणारं काय घ्यायचं, हे पुढे आलं. या बाबतीत आपली बाजू वाईट नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना खुले झाले: ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५. मी २०१६ मध्ये धडपडत होतो तेव्हा एवढी जागाच नव्हती.

सप्टेंबर ते डिसेंबर पाहणीत गेले. टॉवर म्हणून नजर पाण्याच्या टाक्यांवर होती. उत्तरेकडे नान्नजचा विचार एका संध्याकाळीच सोडला. माळढोक अभयारण्याच्या आसपास काही उभारायचं म्हणजे वेगळं बाड. होटगी रस्त्याकडे विमानतळ, तिथे उंचीला विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत. विमानांच्या आड येते म्हणून साखर कारखान्याच्या चिमणीवरून सोलापूरने किती वर्षं काय काय बघितलं ते सगळ्यांना माहीत आहे; ती चिमणी जून २०२३ मध्येच पडली होती. मी त्या दिशेला वळलोच नाही. वळसंगची टाकी उंचीला बरी, गावाच्या मधोमध, आणि कुंभारीपासून दहा-एक किलोमीटर.

नजरेची रेषा तपासायला आम्ही ड्रोन वगैरे काही आणला नाही. रात्री आठ वाजता लाइनमन टाकीवर मोठी बॅटरी घेऊन, मी वस्तीवरच्या घराच्या पत्र्यावर. बॅटरी दिसली की टिपून घ्यायचं. एका रात्रीत नऊ घरं होतात. पण नुसती बॅटरी दिसणं पुरेसं नाही. रेडिओला रेषेभोवती मोकळी जागा लागते, फ्रेनेल झोन म्हणतात तिला. पाच किलोमीटरच्या लिंकला मधोमध तिची त्रिज्या ८ मीटर, आणि त्यातला साठ टक्के भाग तरी मोकळा हवा, म्हणजे पाच मीटर. बॅटरी लिंबाच्या शेंड्याला घासून दिसत असेल तर ते घर 'नाही' या रकान्यात. आणि पाहणी उन्हाळ्यात करू नये. मे महिन्यात सगळं रान मोकळं दिसतं. ऑक्टोबरात त्याच रानात दोन पुरुष उंचीचा ऊस असतो.

६३ घरं बघितली. ४६ 'हो', ११ 'पाइप उंच केला तर', ६ 'नाही'.

पंधरा दिवस टाकीवर एक रेडिओ ठेवून नुसतं ऐकलं. दिवसा आणि रात्री वेगळं चित्र येतं, त्यामुळे एका दुपारच्या स्कॅनवर विश्वास ठेवू नका. ५.८ च्या वरच्या टोकाला शहराच्या बाजूने बराच कालवा होता, ५.२ जवळ शांतता. मधल्या ५.६ च्या पट्ट्यात रडार दिसलं की आपोआप चॅनल सोडायची सोय रेडिओत असते, डीएफएस. पुष्कळ जण ती बंद करायच्या खटपटीत असतात. सी-बँडची हवामान रडारं साधारण तिथेच चालतात, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने मेघबीजनाच्या प्रयोगासाठी असलं रडार आपल्या सोलापुरातच आणलं होतं. दुष्काळी जिल्ह्यात पावसाच्या रडारला त्रास देऊन इंटरनेट विकायचं मला पटलं नाही. डीएफएस चालू ठेवलं आणि सेक्टर शक्यतो त्या पट्ट्याबाहेर लावले.

उपकरणं निवडताना कॅम्बियमचा ईपीएमपी, युबिक्विटीचा एअरमॅक्स आणि मिक्रोटिक अशा तीन घराण्यांचे कागद समोर होते. शेवटी कोणतं घेतलं ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळे तेवढंच वाचतील. निवडलं कशावर ते सांगतो. पहिलं, जीपीएस सिंक. एकाच टाकीवर तीन सेक्टर. एक बोलत असताना दुसरा ऐकत असेल तर शेजारचाच आवाज त्याच्या कानठळ्या बसवतो. तिघांनी एकाच क्षणी बोलायचं, एकाच क्षणी ऐकायचं, ते घड्याळ उपग्रहाकडून येतं. दुसरं, वीज. कोटेशनमधला ईनोडबी मोजला तर गाभ्याच्या सर्व्हरसकट टाकीवर तीनशे वॉटच्या पुढे जात होतं. हे तीन सेक्टर, बॅकहॉल (टाकीपासून कुंभारीच्या फायबरपर्यंतची लिंक) आणि स्विच मिळून ९० वॉट. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांत रात्र निघते. तिसरं, जळालेला सीपीई सोलापुरात चार दिवसांत बदलून मिळेल का. याचं उत्तर ब्रोशरमध्ये नसतं, त्यासाठी लातूर-धाराशिवच्या दोन आयएसपीवाल्यांना फोन केले.

मग सरकारचं ट्रस्टेड पोर्टल. १५ जून २०२१ पासून परवानाधारकाने नेटवर्कमध्ये जोडायचं उपकरण 'विश्वासार्ह स्रोता'तलं असावं लागतं, आणि ती मंजुरी पोर्टलवरून आपणच मागायची असते. मला वाटलं होतं हे मोठ्या कंपन्यांचं काम. नाही, सी कॅटेगरीलाही आहे. मॉडेल क्रमांकातलं एक अक्षर चुकलं म्हणून आमचा अर्ज परत आला. पुरवठादाराकडून यादी एक्सेलमध्ये मागून तिथून कॉपी करा, हाताने टाइप करू नका. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सात आठवडे.

त्यानंतर सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली. अक्षता सोहळा ते शोभेचं दारूकाम, त्या आठवड्यात सोलापुरात कुणाला कामाला बोलवायचं नसतं, आणि बोलावलं तर तो येत नसतो.

२६ जानेवारी २०२४ च्या ग्रामसभेत टाकीचा विषय निघाला. एका काकांनी विचारलं, या डब्यांनी पाणी खराब होतं का. सरपंचबाईंनी मला उत्तर द्यायला उभं केलं. मी म्हणालो, रेडिओ ४ वॉटचा, तुमच्या खिशातला मोबाइल कानाला जास्त जवळ असतो. हशा झाला आणि ठराव झाला. भाडं महिना १,५०० आणि ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी यांना जोडणी फुकट. पण ठराव म्हणजे करार नव्हे. करारावर सह्या व्हायला १४ मार्च उजाडला. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. दोन दिवस उशीर झाला असता तर जूनपर्यंत गेलोच होतो.

एलटीई एका जागी मात्र आलंच. टाकीवरचा बॅकहॉल पडला की तिथे काय झालंय ते दुकानातून दिसत नाही. रात्री दोन वाजता माणूस पाठवायचा का नाही हे ठरवता येत नाही. त्यासाठी टाकीवर एक बाहेरचा एलटीई राउटर लावला, यावेळी लेबल वाचून: बँड १, ३, ५, ८, ४०. कंपनीच्या नावावरचं साधं सिम, फक्त आमच्या देखरेखीसाठी. ग्राहकाचा एक थेंब त्यातून जात नाही. सिमचा डेटा पुढे विकणं करारात बसत नाही. मोबाइलच्या नेटवर बाहेरून आत शिरता येत नाही, म्हणून राउटरच आतून आमच्या सर्व्हरकडे वायरगार्डचा (एक प्रकारचं व्हीपीएन) बोगदा काढून ठेवतो. अँटेना आधी अंदाजाने रस्त्याकडे तोंड करून लावला, आरएसआरपी (सिग्नलची ताकद; शून्याच्या जितकी जवळ तितकी बरी) उणे १०४. लाइनमनने हाताने अर्धा वेढा फिरवला, मागच्या बाजूला उणे ८७. टॉवर आम्हाला वाटत होता तो नव्हताच. आरएसआरपीबरोबर एसआयएनआरही (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) बघा. आमच्याकडे उणे ८३ ला ते घाण होतं आणि उणे ८७ ला स्वच्छ, म्हणून ८७ वरच बोल्ट आवळला.

एप्रिल-मेमध्ये चढायचं काम सकाळी साडेनऊच्या आत. नंतर टाकीची लोखंडी शिडी हातात धरवत नाही. लाइनमन म्हणायचा, "मालक, भाकरी वर घेऊन जातो, तव्याबिगर भाजंल." अर्थिंगला दोन वेगळे खड्डे घेतले, एक रेडिओंना, एक विजेच्या कांडीला, आणि खाली दोन्ही जोडले. प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळीव आला, गडगडाटासकट. तीन प्रोटेक्टर जळाले, रेडिओ एकही नाही. १४ जणांच्या घरातले अ‍ॅडॅप्टर मात्र गेले. ते आमच्या हिशेबात नव्हते.

खर्च लिहून ठेवतो, जीएसटीसकट. तीन सेक्टर १ लाख ७४ हजार, कुंभारी-वळसंग बॅकहॉल ७२ हजार, बॅटरी-इन्व्हर्टर-अर्थिंग ८८ हजार, एलटीई राउटर १४ हजार ५००, केबल-पाइप-किरकोळ ४६ हजार, आणि ५० सीपीई प्रत्येकी ६,२०० प्रमाणे ३ लाख १० हजार. सात लाखांच्या थोडं वर. ग्राहकाकडून ३,००० अनामत. ग्राहकाच्या घरावरच्या लोखंडी पाइपचा खर्च आधी आम्ही धरलाच नव्हता. बारा फुटी पाइप, तीन तारा आणि गवंड्याचा अर्धा दिवस, दर घराला ९०० रुपये लागतात.

आप्पांची जोडणी ९ मे २०२४ ला झाली. सिग्नल उणे ६४, कागदावरच्या गणितापेक्षा तीन डेसिबल कमी. डाउनलोड २५ चा प्लॅन, २५ दिसतो. आप्पांनी पोराला बाजूला सारून आधी स्वतः व्हिडिओ कॉल लावला, पुण्याच्या मुलीला, आणि दहा मिनिटं तिला म्हैस दाखवली.

आज त्या टाकीवर ४७ घरं आहेत. संध्याकाळी नऊ ते अकरा एक सेक्टर दमतो, तिथे चौथा लावायचा आहे. सहा 'नाही'पैकी एका वस्तीभोवती चिंचेची मोठी झाडं आहेत, तिथल्या काकू दर बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन उभ्या राहतात. त्यांना पाइप वीस फुटांचा करूनही जमलं नाही. शेजारच्या घराच्या पत्र्यावरून उडी मारून द्यायचा एक प्रयत्न राहिलाय, पण शेजाऱ्याशी बांधाची केस चालू आहे. तारीख नोव्हेंबरची आहे.